जिंकल्यावर ड्रायव्हर असं का बोलतो?

शर्यत जिंकल्यानंतरचं पहिलं मिनिट नीट बघा. गाडी थांबते, ड्रायव्हर बाहेर येतो, हेल्मेट काढतो. केस घामानं चिकटलेले असतात, चेहरा लालबुंद असतो. तो अजून धापा टाकत असतानाच कुणीतरी त्याच्या हातात टोपी देतं. मनगटावर घड्याळ चढतं. पाण्याची बाटली येते आणि तिच्यावरचं नाव बरोबर कॅमेऱ्याकडे असतं. एवढं झाल्यावर माइक पुढे होतो आणि तो म्हणतो, गाडी अप्रतिम होती, फॅक्टरीतल्या सगळ्यांचे आभार, आता पुढच्या शर्यतीवर लक्ष.

युरोपातल्या फॉर्म्युला वन शर्यती आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात. मी कित्येक वर्षं त्या वेळेला टीव्हीसमोर बसत आलोय आणि हे मिनिट शेकडो वेळा बघितलंय. सुरुवातीला मला या माणसांचा राग यायचा. ताशी ३०० किलोमीटरच्या वेगानं भिंतीजवळून गाडी नेणारा माणूस बोलायला लागला की बँकेच्या पत्रकासारखा का वाटतो? हळूहळू लक्षात आलं की हा दोष त्याचा नाही. त्याच्या बोलण्याला, हसण्याला, गप्प बसण्यालाही किंमत लावलेली असते आणि ती ठरवणारा बहुधा दुसराच कुणीतरी असतो.

आधी या खेळाची एक अडचण समजून घेऊ. क्रिकेटमध्ये माणूस दिसतो. द्रविड बाहेर जाणारा चेंडू कसा सोडायचा, त्यावरून त्याचा स्वभाव कळायचा. त्याला वेगळी मुलाखत द्यायची गरज नव्हती. सचिनच्या बॅटवर एमआरएफ लिहिलेलं असायचं, पण एमआरएफसाठी सचिनला तोंड उघडावं लागत नव्हतं. तो उभा राहून ड्राइव्ह मारायचा आणि काम व्हायचं. मोटार शर्यतीत हे जमत नाही. दीड-दोन तास माणूस हेल्मेटच्या आत असतो. त्याचा चेहरा, डोळे, भीती काहीही दिसत नाही. दिसते ती गाडी, आणि गाडी नेमकी कशामुळे वेगानं गेली, इंजिनामुळे, टायरमुळे की त्या माणसामुळे, हे घरबसल्या कळत नाही.

म्हणजे ड्रायव्हर माणूस म्हणून आपल्यापर्यंत पोहोचतो तो शर्यतीच्या बाहेर. पत्रकार परिषदेत, जाहिरातीत, संघाच्या रेडिओवरच्या एखाद्या वाक्यात, माहितीपटात. आता या खिडक्या कुणाच्या मालकीच्या आहेत ते बघा. पत्रकार परिषद आयोजकांची, जाहिरात कंपनीची. रेडिओवरच्या ढीगभर संवादातून कोणते चार ऐकवायचे हे प्रक्षेपण करणारे ठरवतात. माहितीपट संपादकाच्या टेबलावर तयार होतो. ड्रायव्हरच्या स्वतःच्या हातात यातलं फार थोडं असतं.

पैसा चेहऱ्यापर्यंत कसा आला

१९६७ पर्यंत फॉर्म्युला वनच्या गाड्या साधारणपणे देशाच्या रंगात धावायच्या. ब्रिटिश हिरवी, इटालियन लाल, फ्रेंच निळी, जर्मन पांढरी किंवा चंदेरी. १९६८ मध्ये व्यावसायिक प्रायोजकांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी लोटस संघाची गाडी हिरवा रंग सोडून गोल्ड लीफ सिगारेटच्या पाकिटाच्या लाल-पांढऱ्या-सोनेरी रंगात आली.

सिगारेट कंपन्याच का, यालाही कारण आहे. ब्रिटनमध्ये १९६५ साली टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. अमेरिकेत १९७१ च्या जानेवारीत. कंपन्यांकडे पैसा होता आणि तो खर्च करायची सगळ्यात मोठी जागा बंद झाली होती. जाहिरात दाखवता येत नसेल, तर टीव्ही जे दाखवणारच आहे त्याच्यावर आपलं नाव लिहायचं, हा मार्ग त्यांनी काढला. अमेरिकेत नॅस्कार या बंद गाड्यांच्या शर्यतींची मुख्य स्पर्धाच १९७१ पासून विन्स्टन सिगारेटच्या नावानं ओळखली जाऊ लागली. फॉर्म्युला वनमध्ये मार्लबोरो आली.

सिगारेटचं पाकीट टीव्हीवर येऊन 'मी मर्दानी आहे, मला धोक्याची पर्वा नाही' असं म्हणू शकत नाही. ड्रायव्हर ते न बोलता सांगू शकतो. इथपासून कंपन्या गाडीच्या बरोबरीनं ड्रायव्हरचं वागणंही विकत घेऊ लागल्या.

जेम्स हंट हे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. उंच, सोनेरी केसांचा इंग्रज. १९७५ पर्यंत तो हेस्केथ नावाच्या एका तरुण लॉर्डच्या संघात होता. त्यांच्या पांढऱ्या गाडीवर प्रायोजकाचं नावच नसायचं, सगळा खर्च लॉर्डच्या खिशातून. त्या गाडीतून हंटनं १९७५ ची डच ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची नेदरलँड्समधली शर्यत, जिंकली, पण वर्षअखेर पैसे संपले आणि लॉर्डनं हात आखडता घेतला. हंट मार्लबोरोच्या पैशांवर चालणाऱ्या मॅकलॅरेनमध्ये गेला आणि १९७६ चा विश्वविजेता झाला. समारंभांना तो अनवाणी जायचा. 'सेक्स हा विजेत्यांचा नाश्ता' अशा अर्थाचं बिल्ल्यावरचं वाक्य छातीवर मिरवायचा. वर्तमानपत्रांना असा माणूस हवाच होता, आणि वर्तमानपत्रांना हवा असलेला माणूस प्रायोजकालाही हवा होता. त्याची बेफिकिरी हाच त्याचा बाजारभाव होता.

हाच हंट शर्यतीआधी उलट्या करायचा. भीतीनं, ताणानं. गाडीत बसल्यावर त्याच्या पायांची थरथर इतकी व्हायची की गाडी हलायची, असं त्याच्याबरोबर काम करणारे सांगतात. १९७९ च्या हंगामाच्या मध्यावर तो खेळ सोडून निघून गेला. पुढे बीबीसीवर समालोचन करू लागला आणि घरी बजरीगर पक्षी पाळू लागला. वयाच्या ४५ व्या वर्षी, १९९३ मध्ये हृदयविकारानं गेला. मला वाटतं, उलट्या करणारा हंट लोकांना आधीच दाखवला असता तर त्यांनी त्याच्यावर जास्त प्रेम केलं असतं. पण तो सिगारेट विकायच्या उपयोगाचा नव्हता.

नॅस्कार, जिथे हिशेब उघड आहे

हे सगळं कसं चालतं ते फॉर्म्युला वनपेक्षा अमेरिकेतल्या नॅस्कारमध्ये जास्त स्वच्छ दिसतं. तिथे संघांचा संसारच गाडीच्या बॉनेटवरच्या प्रायोजकावर चालत आलाय. प्रेक्षक गाडीला कंपनीच्या नावानं ओळखतात. जिंकलेला ड्रायव्हर मुलाखतीत आधी प्रायोजकांची यादी म्हणतो. मग फोटो काढताना एकेक कंपनीची टोपी घालायची, फोटो, ती काढायची, दुसरी घालायची, पुन्हा फोटो. या विधीला तिथे 'हॅट डान्स' म्हणतात. घाम अजून वाळलेला नसतो आणि माणूस टोप्या बदलत उभा असतो.

डेल अर्नहार्ट उत्तर कॅरोलायनातल्या कनापोलिस या कापड गिरणीच्या गावातला. वडीलही शर्यती करणारे. शाळा नववीतच सुटली. गाडी तो आक्रमकच चालवायचा, दुसऱ्याला धक्का द्यायला कचरायचा नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रँगलर जीन्सनं त्याला प्रायोजित केलं आणि जाहिरात केली, 'वन टफ कस्टमर', म्हणजे एक चिवट गडी. कामकरी माणसाची जीन्स आणि कामकरी माणसाचा ड्रायव्हर. १९८८ मध्ये प्रायोजक बदलला, गाडी काळी झाली. त्या सुमारास त्याला 'इंटिमिडेटर', म्हणजे धाक घालणारा, हे नाव चिकटलं. काळी ३ नंबरची गाडी, काळा चष्मा, मिशी.

हे सगळं खोटं होतं असं मी म्हणत नाही. आक्रमकपणा त्याचाच होता. पण एखाद्या माणसात दहा गोष्टी असतात. जाहिरातीनं त्यातली एक उचलली, तिला रंग दिला, नाव दिलं, टी-शर्टवर छापली. मग प्रेक्षक तीच बघायला येऊ लागले आणि आरशात मागे काळी गाडी दिसली की पुढचा ड्रायव्हर आधीच थोडा बाजूला होऊ लागला. अशा वेळी माणूस त्या प्रतिमेपासून लांब कशाला जाईल? प्रतिमेमुळे त्याला पैसाही मिळतो आणि ट्रॅकवर जागाही मिळते. आधी स्वभावातून प्रतिमा तयार होते, नंतर प्रतिमाच स्वभावाला वळण लावते. अर्नहार्ट ७ वेळा विजेता झाला आणि १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत, गाडी भिंतीवर आदळून गेला.

त्याच्या मुलाची, डेल अर्नहार्ट ज्युनियरची गोष्ट मला फार लागते. ऑक्टोबर २००४ मध्ये तो टॅलाडेगाला पाचव्यांदा जिंकला. माइक पुढे करून विचारलं, या पाचव्या विजयाचं महत्त्व काय? तो म्हणाला, आत्ता तरी याचं काही मोल नाही, माझ्या वडिलांनी इथे दहा वेळा जिंकलंय. वाक्यात एक शिवी होती. नॅस्कारनं त्याला १०,००० डॉलर दंड केला आणि २५ गुण कापले, त्या गुणांमुळे त्याचं गुणतक्त्यातलं पहिलं स्थान गेलं. गेलेल्या बापाची आठवण काढणारं त्या हंगामातलं कदाचित सगळ्यात खरं वाक्य, आणि त्याचा हिशेब गुणांत झाला. पुढच्या वेळी माइक समोर आल्यावर माणूस काय करेल? तो फॅक्टरीचे आभार मानेल.

दंड फक्त खेळाची संस्था करते असंही नाही. ऑगस्ट २००२ मध्ये इंडियानापोलिसच्या शर्यतीनंतर चिडलेल्या टोनी स्ट्युअर्टनं एका छायाचित्रकाराला मारलं. चूक होती, शिक्षा व्हायलाच हवी होती. नॅस्कारनं १०,००० डॉलर दंड केला. त्याचा प्रायोजक होम डेपो, घरबांधणीचं सामान विकणाऱ्या दुकानांची साखळी. त्यांनी ५०,००० डॉलर दंड केला आणि वागणूक सुधारण्याची तंबी दिली. खेळ चालवणाऱ्यांच्या पाचपट शिक्षा दुकानदारानं केली. खरा मालक कोण हे यावरून कळतं. त्याच वर्षी स्ट्युअर्ट विजेताही झाला.

२०११ च्या नोव्हेंबरमध्ये काइल बुशनं टेक्ससच्या ट्रक शर्यतीत एका प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम भिंतीवर ढकललं, तेव्हा एमअँडएम्स या गोळ्यांच्या कंपनीनं उरलेल्या दोन शर्यतींसाठी गाडीवरून आपलं नाव काढून घेतलं. मुलांच्या आवडीच्या रंगीत गोळ्या आणि रागीट माणूस, हे जुळत नव्हतं.

२०२० च्या एप्रिलमध्ये तर गाड्या चालतच नव्हत्या. कोविडमुळे ड्रायव्हर घरी बसून संगणकावर आभासी शर्यती खेळत होते आणि त्या टीव्हीवर दाखवल्या जात होत्या. बबा वॉलेस अशाच एका शर्यतीत वैतागून मध्येच उठला. त्याच्या वेदनाशामक मलमाच्या प्रायोजक कंपनीनं समाजमाध्यमावर जाहीरपणे त्याला काढून टाकलं. संगणकावरचा खेळ अर्धवट सोडला, एवढ्यावर. पुढच्याच आठवड्यात अशाच आभासी शर्यतीत काइल लार्सनच्या तोंडून वंशद्वेषी शब्द गेला. त्याचे मोठे प्रायोजक एका दिवसात बाजूला झाले आणि दुसऱ्या दिवशी संघानं त्याला काढलं. तो शब्द अक्षम्यच होता. पण क्रम लक्षात घ्या. आधी पैसा गेला, मग नोकरी.

जागा भाड्याची असते

फॉर्म्युला वनमध्ये २०२५ पर्यंत १० संघ होते, म्हणजे अख्ख्या जगात २० जागा. तिथपर्यंत पोहोचायला मूल सात-आठ वर्षांचं असल्यापासून कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती, करतं, मग फॉर्म्युला फोर, थ्री, टू. प्रत्येक पायरीवर खर्च वाढतो आणि वरच्या पायऱ्यांवर एकेका हंगामाला कित्येक कोटी रुपये लागतात. बहुतेक घरांना ते शक्य नसतं. म्हणजे वयाच्या बारा-तेराव्या वर्षापासून मुलगा कुणाच्या तरी पैशांवर गाडी चालवत असतो. लुईस हॅमिल्टनचे वडील एकाच वेळी दोन-तीन कामं करून त्याच्या कार्टिंगचा खर्च भागवायचे, आणि १९९८ मध्ये, तो १३ वर्षांचा असताना, मॅकलॅरेन आणि मर्सिडीजनं त्याला आपल्या योजनेत घेतलं. त्या वयापासून हस्तांदोलन कसं करायचं, पाहुण्यांशी काय बोलायचं, मुलाखतीत काय टाळायचं, हे ड्रायव्हिंगइतकंच शिकावं लागतं. ज्या वयात आपण आईवडिलांशी भांडत स्वतःला शोधत असतो, त्या वयात ही मुलं पाहुण्यांसमोर नीटनेटकं उभं राहायला शिकतात. नंतर त्यांना 'मनमोकळं बोल' म्हटलं, तर ते कुठून बोलणार?

आपल्या ड्रायव्हरांना ही अडचण दुप्पट येते. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघातून उतरला आणि फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय झाला. त्याच्यामागे टाटांचा पाठिंबा होता. तिकडे अशा ड्रायव्हरला 'पे ड्रायव्हर' म्हणतात, जागा विकत घेणारा. हा शब्द एकदा चिकटला की माणसानं काहीही केलं तरी तो पुसत नाही. व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीच्या पैशांवर आलेल्या पास्टर माल्डोनाडोनं २०१२ ची स्पॅनिश ग्रां प्री सरळ वेगावर जिंकली, तरी त्याची ओळख पैसेवालाच राहिली.

त्याच वर्षी मलेशियात सेबास्टियन फेटलची गाडी नारायणला फेरीनं मागे टाकताना त्याच्या गाडीला घासली आणि फेटलचा टायर फुटला. फेटल तेव्हाचा विश्वविजेता. त्यानं टीव्हीवर नारायणची तुलना चक्क काकडीशी केली आणि ते जगभर छापून आलं. नारायण सगळ्यात मागच्या संघातल्या, सगळ्यात हळू गाड्यांपैकी एका गाडीत होता. त्याचं म्हणणं ऐकायला किती माइक आले असतील? मागे धावणाऱ्या ड्रायव्हरचा स्वभाव पुढे धावणाऱ्याच्या वाक्यातून ठरतो, हे त्या दिवशी मला फार टोचलं. मुंबईचा जेहान दारूवाला फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाच्या २०११ च्या गुणवत्ता शोधातून पुढे आला, रेड बुलच्या कनिष्ठ गटात पोहोचला, फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकला, आणि तरी त्या २० जागांत त्याला जागा मिळाली नाही. त्याच्या मुलाखती शोधून बघा. शब्द तोलूनमापून वापरलेले, कुणाबद्दल वाकडं नाही. ज्याला पुढच्या वर्षीची जागा मागायची आहे तो असाच बोलणार.

मग काही जण मनासारखे कसे वागतात?

कारण त्यांना काढणं महाग पडतं. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. ड्रायव्हर जितका वेगवान आणि त्याला पर्याय जितका कमी, तितकं त्याला स्वतःसारखं वागता येतं.

किमी रायकोनेनला बोलायला आवडायचं नाही. एका शब्दात उत्तर, टोपी डोळ्यांवर. हाच कमी बोलणारा मुलगा मागच्या गाडीत असता तर 'प्रायोजकाच्या कामाचा नाही' म्हणून घरी गेला असता. पण तो वेगवान होता, म्हणून तो 'आइसमॅन' झाला. २०१२ मध्ये अबू धाबीला तो आघाडीवर असताना इंजिनियर रेडिओवर सूचना देत होता, तेव्हा तो म्हणाला, 'मला एकटं सोडा, मी काय करतोय ते मला कळतं.' तो जिंकला आणि ते वाक्य टी-शर्टवर छापलं गेलं. मला एकटं सोडा म्हणणाऱ्या माणसाचं तेच वाक्य हजारो लोकांच्या छातीवर. त्याचं मौनसुद्धा विकायला निघालं. मात्र हेही लक्षात ठेवायला हवं की फेरारीनं २००९ च्या शेवटी त्याच्याशी असलेला करार वर्षभर आधीच संपवला. त्याच्या जागी फर्नांडो अलोन्सो आला आणि त्याच सुमारास स्पेनची सान्तान्देर बँक फेरारीची मोठी प्रायोजक झाली.

हॅमिल्टन मॅकलॅरेनमध्ये होता तोवर मोजून-मापून बोलायचा. मर्सिडीजमध्ये विजेतेपदं येत गेली तसे कपडे, गोंदण, संगीत आणि मग मतं उघड झाली. सप्टेंबर २०२० मध्ये इटलीतल्या मुजेलोला त्यानं पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या मंचावर, पोलिसांच्या गोळीबारात मारल्या गेलेल्या ब्रिओना टेलरसाठी न्याय मागणारा टी-शर्ट घातला. त्यानंतर नियम आला, पहिल्या तिघांनी पोडियमवर शर्यतीचा पोशाख गळ्यापर्यंत बंद ठेवायचा. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आणखी एक नियम आला, राजकीय, धार्मिक वा वैयक्तिक भूमिका मांडायची तर आधी लेखी परवानगी घ्यायची. गळ्यापर्यंत बंद केलेल्या त्या पोशाखावर काय दिसतं? प्रायोजकांची नावं.

फेटलचं उदाहरण गुंतागुंतीचं आहे आणि म्हणूनच मला जवळचं वाटतं. नारायणला काकडी म्हणणारा तोच तरुण दहा वर्षांनी वेगळा माणूस झाला होता. २०२२ मध्ये मायामीला तो समुद्राच्या वाढत्या पातळीबद्दलचा टी-शर्ट घालून आला, कॅनडात तेलवाळूच्या खाणींविरुद्धचा. त्याच्या ॲस्टन मार्टिन संघाची मोठी प्रायोजक होती सौदी तेल कंपनी अरामको. बीबीसीच्या चर्चेत त्याला थेट विचारलं, हे ढोंग नाही का? त्यानं मान्य केलं की हो, आहे. वर्षअखेर तो निवृत्त झाला. इतक्या मोठ्या मंचावर स्वतःतली विसंगती इतक्या सरळ कबूल करणारा दुसरा ड्रायव्हर मला आठवत नाही.

मॅक्स व्हर्स्टॅपनला २०२४ मध्ये सिंगापूरच्या पत्रकार परिषदेत गाडीबद्दल बोलताना अपशब्द वापरल्याबद्दल समाजसेवेची शिक्षा झाली. पुढच्या अधिकृत परिषदेत त्यानं एकेका शब्दात उत्तरं दिली आणि बाहेर येऊन पत्रकारांशी भरपूर गप्पा मारल्या. हे धाडस आहेच. पण सलग विजेतेपदं जिंकणाऱ्याला परवडणारं धाडस आहे.

स्त्री ड्रायव्हरला हा हिशेब निराळाच पडतो. डॅनिका पॅट्रिकनं २००५ मध्ये पदार्पणातच इंडियानापोलिस ५०० मध्ये आघाडी घेतली आणि चौथी आली. २००८ मध्ये जपानच्या मोटेगीला जिंकून इंडीकार, म्हणजे अमेरिकेतल्या फॉर्म्युला वनसारख्या उघड्या गाड्यांच्या स्पर्धेतली, शर्यत जिंकणारी पहिली स्त्री झाली. पण सामान्य अमेरिकन घरात ती पोहोचली ती गोडॅडी या संकेतस्थळ कंपनीच्या जाहिरातींतून, ज्यांचा सगळा भर तिच्या देहावर होता. तिनं नकार द्यायला हवा होता, असं लोक सहज म्हणतात. त्या जाहिरातींच्या पैशांवर तिची गाडी धावत होती. नकार दिला असता तर कदाचित गाडीच नसती. होकार दिला म्हणून 'ही फक्त जाहिरातींमुळे इथे आहे' हे ऐकावं लागलं. पुरुष ड्रायव्हरच्या बेफिकिरीला पैसे मिळतात, त्याच्या रागालाही कधी कधी मिळतात. तिला मात्र दिसण्यासाठी पैसे द्यायचे आणि नंतर त्याच गोष्टीसाठी नावं ठेवायची, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

संपादकाची कात्री

२०१७ मध्ये लिबर्टी मीडिया या अमेरिकन कंपनीनं फॉर्म्युला वन ताब्यात घेतलं आणि २०१९ च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर 'ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह' ही फॉर्म्युला वनवरची माहितीपट मालिका आली. पहिल्या हंगामात मर्सिडीज आणि फेरारी सहभागी झाले नाहीत, म्हणून कॅमेरा मधल्या आणि मागच्या संघांकडे वळला. त्यातून हास संघाचा प्रमुख गुंथर स्टायनर जगभर लाडका झाला, ज्याचा संघ एकदाही पोडियमवर आला नव्हता. हेल्मेटमागचा माणूस बघायला मिळतोय म्हणून लाखो नवे प्रेक्षक आले, त्यांचा आनंद खरा आहे.

पण मालिकेला नायक, खलनायक, विदूषक लागतात. व्हर्स्टॅपननं २०२१ मध्ये सांगितलं की त्यांनी नसलेल्या वैराच्या कथा रचल्या, म्हणून मी मुलाखती देणार नाही. नंतर तो काही अटींवर परतला. लँडो नॉरिसनंही तक्रार केली की वेगळ्या प्रसंगातली दृश्यं जोडून त्याचं आणि सहकाऱ्याचं नातं होतं त्यापेक्षा वाकडं दाखवलं गेलं.

डॅनियल रिकार्डो या मालिकेचा हसरा चेहरा. बुटातून शँपेन पिणारा, सगळ्यांना हसवणारा. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनमध्ये रोमाँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून पेटली आणि तो २८ सेकंद आगीत होता. तो वाचला. शर्यत थांबलेली असताना बाकीचे ड्रायव्हर गॅरेजमध्ये वाट बघत होते, त्यांना पुन्हा त्याच ट्रॅकवर उतरायचं होतं, आणि पडद्यावर तो स्फोट पुन्हा पुन्हा दाखवला जात होता. शर्यतीनंतर रिकार्डो हसला नाही. या प्रक्षेपणाची आपल्याला किळस आली, असं तो स्पष्ट म्हणाला. ग्रोजाँच्या घरचे हे बघत असतील याचा विचार कुणी केला का, हा त्याचा प्रश्न होता. मला तो रिकार्डो जास्त लक्षात राहिलाय.

आणि ऑस्ट्रियाचा ड्रायव्हर निकी लाउदा. १ ऑगस्ट १९७६ ला न्युर्बुर्गरिंगवर त्याची फेरारी पेटली. डोकं, कान भाजले, फुप्फुसात विषारी धूर गेला, रुग्णालयात धर्मगुरूनं अंतिम संस्काराची प्रार्थना म्हटली. सहा आठवड्यांत तो मोंझाला परतला आणि चौथा आला. भाजलेलं डोकं झाकायला त्यानं टोपी घातली. लोक बघतातच तर टोपीवरची जागा विकावी, असं त्यानं ठरवलं. पारमालात या इटालियन दूध कंपनीचं नाव त्या लाल टोपीवर वर्षानुवर्षं राहिलं, नंतर दुसऱ्या कंपन्यांची आली. १९८२ मध्ये निवृत्तीतून परतताना त्यानं भरभक्कम मानधन मागितलं, आणि वर सांगितलं की यातला एक डॉलर गाडी चालवण्याचा, बाकीचे माझ्या व्यक्तिमत्त्वाचे. ही गोष्ट पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागच्या संघांच्या तळावर, आजही सांगितली जाते. इतरांकडून जे न सांगता विकत घेतलं जात होतं, त्याचा भाव त्यानं स्वतः ठरवला.

२० मे २०१९ ला लाउदा गेला. त्याच आठवड्यात मोनॅकोची शर्यत होती. सुरुवातीआधी सगळे ड्रायव्हर ट्रॅकवर एकत्र आले आणि एक मिनिट शांत उभे राहिले. त्यांच्या हातांत आणि डोक्यांवर लाल टोप्या होत्या, स्टँडमध्येही ठिकठिकाणी लाल टोप्या दिसत होत्या. त्या मिनिटात कुणाच्याही समोर माइक नव्हता.